वाचनालयामागची भिंत

मित्रांनो, मी एक जुनी भिंत आहे. असे दचकू नका. माझी जाडी तुमच्या बुटाच्या नाडीपेक्षा कमी आहे. माझ्याखालून कुत्री, सायकली आणि प्राध्यापक बेधडक ये-जा करतात. तरी मी भिंतच आहे, नायलॉनच्या पांढऱ्या दोरीची भिंत.

माझा जन्म मासेमारीच्या दोऱ्या करणाऱ्या कारखान्यात झाला. माझ्या सख्ख्या बहिणी तळ्यावर गेल्या. त्यांतल्या एकीने म्हणे एवढा मोठा मासा ओढला, की तळ्याचे पाणी वीतभर खाली गेले. मला मात्र एका रब्बींनी, म्हणजे यहुदी धर्मगुरूंनी, विकत घेतले आणि विद्यापीठाभोवतीच्या खांबांवर ताणून बसवले.

शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत इथल्या यहुदी मुलांचा शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, असतो. तेवढ्या वेळात घराबाहेर काहीही वाहून न्यायचे नाही. किल्ली नाही, पुस्तक नाही, कडेवरचे मूलसुद्धा नाही. पण आम्हा दोऱ्यांच्या आतले सगळे आवार मिळून एकच घर समजतात, आणि घरात काय, कुणीही काहीही इकडचे तिकडे न्यावे. या आमच्या कुंपणाला एरुव म्हणतात. एक दोरी तुटली, की सगळे घर गेले.

बावीस वर्षे मी वाचनालयामागे उभी आहे. एकदा धुके आत शिरत होते, त्याला मी शब्बाथ संपेपर्यंत बाहेर थांबवून ठेवले होते. खोटे वाटत असेल तर इथल्या खारीला विचारा. ती रोज माझ्यावरून धावते आणि दात शिवशिवले की माझ्याकडे बघते. मला खारीची भीती वाटते, वाऱ्याची वाटते, आणि बर्फाची सगळ्यात जास्त.

त्यातून माझे काम असे, की मी धड असले तर माझ्याकडे कुणी बघत नाही. दर शुक्रवारी सकाळी एक जण सगळ्या खांबांखालून मान वर करून फिरतो आणि तीनशे जणांच्या फोनवर संदेश पाठवतो, ‘एरुव ठीक आहे.’ एवढीच माझी स्तुती. चार वर्षे हे काम नफ्ताली करायचा. गणितात पीएचडी करणारा, उंच, कायम उपाशी दिसणारा मुलगा. यंदा थंडीच्या तोंडावर तो बर्फावरून घसरला आणि त्याचा पाय दोन ठिकाणी मोडला. तो चाकांच्या खुर्चीत बसला आणि काम गेले दुसऱ्या वर्षातल्या अताराकडे.

त्या डिसेंबरातल्या एका शुक्रवारी संध्याकाळी नफ्तालीचे वडील जाऊन वर्ष होणार होते. त्या दिवशी मुलाने त्यांच्या नावाने कद्दिश म्हणायचा असतो, आणि दहा पुरुष हजर असल्याशिवाय ती प्रार्थना म्हणता येत नाही. परीक्षा संपत आल्या होत्या, मुले घरोघर पांगली होती. नफ्तालीला धरून गावात बरोबर दहा उरले होते. नफ्ताली राहतो माझ्या समोरच्याच इमारतीत, तळमजल्यावर. प्रार्थनेचे घर मात्र आवाराच्या दुसऱ्या टोकाला. त्याची खुर्ची कुणीतरी ढकलत न्यायची, आणि शब्बाथला ढकलणे म्हणजे वाहून नेणेच. म्हणजे सगळी भिस्त माझ्यावर.

आणि मित्रांनो, मी गुरुवारी पहाटेच तुटले होते. बर्फाचे वजन पेलवेना. दोरी तुटते तेव्हा आवाजही होत नाही.

शुक्रवारी सकाळी अताराची रसायनशास्त्राची परीक्षा होती. तिने अर्धी फेरी मारली, वाचनालयाच्या पुढच्या दारापर्यंत आली, घड्याळ पाहिले आणि तिथूनच लिहून टाकले, ‘एरुव ठीक आहे.’ मी मागच्या बाजूला लोंबकळत होते. ओरडायला तोंड नाही. दिवसभर मी वाऱ्यावर टोक हलवत राहिले, कुणी बघेल म्हणून, आणि कुणी बघेल या धास्तीनेसुद्धा.

सव्वातीनला अतारा आली. पेपर तिला बरा गेला असावा, पण चैन पडत नव्हते. माझे टोक तिच्या टोपीला लागले. तिने वर पाहिले आणि तिच्या चेहऱ्याचा रंगच उडाला.

सूर्य मावळायला तासभर होता. तिने आधी लोरेनला फोन लावला. खांबांवर चढण्याची उचलगाडी चालवणारी लोरेन बावीस वर्षे मला सांभाळत आलेली. यहुदी नव्हे, पण माझ्या गाठी तिच्याइतक्या कुणाला ठाऊक नाहीत. ती गाडी लावून घरी गेली होती. शिडी लावू का, असे अताराने विचारले.

“पोरी, या बर्फात शिडीवर चढलेला माणूस खाली येतो,” लोरेन म्हणाली, “पण शिडीवरून नाही. सोमवारी बघू.”

मग तिने बोलावल्यावरून रब्बी हाल्पर्न धापा टाकत आले. अताराने सगळे सांगितले, सकाळचेही. मग हळूच म्हणाली, “रब्बी, मी आत्ता इथे आलेच नसते तर?”

“तर कुणाचंच काही बिघडलं नसतं. माहीत नसताना जे घडतं, त्याचा दोष आपण कुणाला देत नाही. नफ्ताली आला असता, प्रार्थना झाली असती.”

“मग?”

“पण तू आलीस ना, बाई. आणि वर बघितलंस.”

तिने फोन काढला. मला वाटत होते, नको लिहूस. एका मुलाची वर्षाची प्रार्थना आहे. मला गाठ मारल्यासारखे दाखव आणि जा. पण तिने लिहिले, ‘एरुव पडला आहे. सकाळी मी वाचनालयामागे न बघताच कळवलं होतं. चूक माझी. अतारा.’

पहिले उत्तर बेन्त्सीचे आले. हा बेन्त्सी वसतिगृहात राहणारा, जीभ तिखट. त्याने विचारले होते, पेपर तरी बघून लिहिलास ना? समोर नफ्तालीची खिडकी उघडली. त्याने लोंबणाऱ्या मला पाहिले, अताराला पाहिले, आणि खिडकी लावून घेतली.

रब्बी म्हणाले, आत्ता नेले तर त्याला उद्या रात्रीपर्यंत परत आणता येणार नाही; तो येऊ शकत नाही, आपण जाऊ शकतो. सूर्यास्तापर्यंत जे न्यायचे ते नेऊ, नंतर सगळ्यांनी रिकाम्या हाती यायचे. अताराने तीन खेपा केल्या. पुस्तके आणली, द्राक्षरस आणि पाव आणले, गरम सुपाचे पातेले तर छातीशी धरून आणले. तिसऱ्या खेपेला सूर्य माझ्या खांबाआड गेला होता.

मग माणसे नफ्तालीच्या खोलीत येऊ लागली. हे लोक माणसे आकड्यांनी मोजत नाहीत. दहा शब्दांचे एक वचन आहे, ते म्हणत प्रत्येकाला एकेक शब्द देतात. दाटी झाली म्हणून खिडकी उघडली होती, त्यामुळे मला सारे ऐकू येत होते. नऊ शब्द झाले. दहावा तसाच राहिला. बेन्त्सी आला नव्हता, आणि शब्बाथ लागल्यामुळे आता फोनही करता येत नव्हता. रब्बींनी एक गाणे तीनदा म्हणायला लावले. नफ्ताली पाठ केलेला मजकूर विसरल्यासारखा खोलीच्या भिंतीकडे बघत होता. अतारा दाराशीच उभी होती, कोट न काढता.

शेवटी रस्त्यावरून बेन्त्सी आला. भर थंडीत अंगात नुसता स्वेटर. दारातून निघताना खिशात पेन्सिल सापडली म्हणून तो परत गेला. मग आतल्या खिशात बसचे तिकीट. मग अस्तरात शिरलेली किल्ली. “चौथ्यांदा म्हटलं, कोटच मरू दे,” तो थरथरत म्हणाला. दहावा शब्द त्याला मिळाला.

नफ्तालीने कद्दिश म्हटला. मध्ये एकदा अडखळला, तेव्हा सगळे थांबले.

नंतर सूप पिताना तो खुर्ची सरकवत अताराजवळ, खिडकीशी आला. ती म्हणाली, माझ्याशी बोलला नाहीस तरी चालेल.

“दोन वर्षांपूर्वी, वसंतात, धो धो पाऊस होता,” तो म्हणाला. “मी याच खिडकीतून काचेआडून बघितलं आणि लिहिलं, ठीक आहे. दिसत काहीच नव्हतं. तेव्हा दोरी उभी होती, एवढाच तुझ्यामाझ्यात फरक.”

अतारा पहिल्यांदाच हसली आणि तिने कोट काढला.

सोमवारी लोरेनने मला नव्या गाठीने बांधले आणि माझ्या वयाला दोन शिव्या दिल्या. अतारा आता दर शुक्रवारी माझ्याखाली इतका वेळ उभी राहते, की खारसुद्धा अवघडते.

पण मित्रांनो, त्या पावसातल्या शुक्रवारीही मी खांबावरून सुटून खालीच पडले होते. रविवारच्या वाऱ्याने मला उचलून परत खोबणीत बसवले. हे मात्र अगदी खरे आहे. त्या शब्बाथला सगळ्यांनी मुले कडेवर घेतली, पुस्तके नेली, नफ्तालीने स्वतः केक नेला होता. त्याला ते माहीत नाही आणि मी कधी कळू देणार नाही. तेव्हा माझ्यासारख्या वस्तूंवर विसंबू नका. आम्ही तुटतो आणि गप्प बसतो. मान वर करून बघणे तुमच्याकडेच आहे.