काचेवरच्या गुलाबी काड्या

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. पितळी नळीचा, एका डोळ्याचा. हल्ली सोलापुरातल्या एका कॉलेजच्या कपाटात धूळ खात असतो. पण त्र्याहत्तर साली बायकांच्या एका दवाखान्यात खिडकीपाशी माझी जागा होती. माझ्या आरशात उजेड पडला की मला कसं स्फुरण चढायचं!

एका सकाळी ईरम्मा आली. चादरी विणणाऱ्या घरातली नवी सून. ठणक्यानं तिला धड बसताही येईना. बरोबर सासू गंगम्मा आणि एक पत्र्याची ट्रंक.

"ट्रंक कशाला?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"वंगाळ रोग निगाला तर हितनंच ठेसनावर. माहेरी!" गंगम्मा म्हणाली.

योनीच्या मुखाशी दोन बाजूंना वाटाण्याएवढ्या दोन ग्रंथी असतात. ओलावा देणं हे त्यांचं काम. ईरम्माच्या एका ग्रंथीचं तोंड बंद झालं होतं आणि आत पू धरला होता. बिचारीनं लाजेपायी कुणाला सांगितलं नाही. सूज वाढली, चालणं बदललं, तेव्हा गल्लीनं भलताच अर्थ लावला: नवी सून बाहेरून गुप्तरोग घेऊन आली.

डॉक्टरबाईंनी गळू फोडलं. ईरम्माला मोकळं वाटलं, पण तिची नजर ट्रंकेवरच होती. पुवाचा ठिपका काचेवर सुकवून बाईंनी त्यावर जांभळा रंग घातला, मग आयोडीन. मग काच स्पिरिटनं धुतली आणि शेवटी गुलाबी रंग घातला. गंगम्मा पुढे सरकली. तिचा जन्म सूत रंगवण्यात गेलेला.

"धुतल्यावर जांभळा गेला तर कच्चा, व्हय की न्हाय?"

"बरोब्बर! काही जंतू तो धरून ठेवतात. काही सोडतात, ते गुलाबी होतात."

काचेवर तेलाचा थेंब पडला, माझं चाक फिरलं आणि सगळं लख्ख दिसलं! बाई आनंदानं ओरडल्या, "या, तुम्हीच बघा."

गंगम्मानं डोळा टेकवला आणि किंचाळली, "आगं बया! काळं लांब किडं!"

"पापण्या आहेत तुमच्या! जरा मागं व्हा."

ईरम्मालासुद्धा हसू फुटलं.

"आता दिसलं. गुलाबी हाय की! रंग कच्चा, म्हंजी वंगाळच?"

"रंगावर जाऊ नका, आकार बघा. तुमच्या मनातले जंतू जोडीजोडीनं असतात, घेवड्याच्या दाण्यांसारखे. हे कसे आहेत?"

"काड्या… नुसत्या काड्या!"

"आतड्यातले जंतू. तुमच्या-माझ्या पोटातही असतात. काचेच्या बशीत खाद्य घालून वाढवू आणि खात्री करू, पण घाबरू नका. आणि तसले निघाले असते ना, तर औषधाला आधी तुमच्या मुलाला बोलावलं असतं!"

ईरम्मा ट्रंक उचलायला वाकली, तर सासूनं तिचा हात बाजूला सारला आणि ट्रंक आपल्याच डोक्यावर घेतली.

"चल घरी. बोळातनं नगं, मोठ्या रस्त्यानं जाऊ. बगू दे सगळ्यास्नी!"

दोन दिवसांनी बशीतही तेच जंतू वाढले. तेव्हाचा आनंद अजून माझ्या पितळेत आहे.

मित्रांनो, माझी भिंगं मऊ फडक्यानं पुसा, मला पुन्हा उजेडात ठेवा. आणि कुणाच्या दुखण्याला नावं ठेवण्याआधी एकदा माझ्यात डोकावून बघा. पापण्या सांभाळून.