ढिला चाकू

दुकानदाराला वाटलं, बाईच्या उजव्या हाताला काही झालंय. तिने तो हात पाठीमागे धरला होता आणि काउंटरवरचे घडीचे चाकू एकट्या डाव्या हाताने उघडून पाहणं चाललं होतं.

"ताई, दोन्ही हात लावा की. कापून घ्याल."

"हात शाबूत आहेत माझे. चाकू नवऱ्यासाठी हवाय," असं म्हणून तिने पुढचा उचलला.

नवरा सोफे शिवणारा. झटका आला आणि त्याची उजवी बाजू लुळी पडली. तेव्हापासून ती रजा काढून घरी होती आणि घरात दिवसभर एकच घोष होता. अगं, गोळी काढून दे. अगं, बिस्किटाचा पुडा फोड. अगं, दुधाची पिशवी. माणूस वाईट नव्हता, पण तिच्या नाकी नऊ आले होते. सोमवारी रजा संपत होती. आली नाहीस तर जागा दुसरीला देईन, असं ती कामाला होती त्या लाँड्रीच्या मालकिणीने स्पष्ट सांगितलं होतं. नवरा दिवसभर एकटा राहू शकतो की नाही, एवढाच प्रश्न उरला होता, आणि घोडं अडलं होतं ते या पुड्यांवर आणि पिशव्यांवर. डाव्या हातात कात्री चालत नव्हती. घरातली सुरी चालायची, पण उठताना त्याच हातात काठी लागते. मग उघडी सुरी ठेवायची कुठे, दातांत? म्हणून मिटून खिशात टाकता येईल असा चाकू शोधणं आलं.

पहिल्याचं पातं नखाने ओढावं लागत होतं. ते दोन हातांचं काम. दुसरा इतका घट्ट की तिचा अंगठा दुखून आला. तिसरा दिसायला देखणा, पण त्याचा खटका उजव्या अंगठ्यासाठीच केलेला. राहता राहिला प्लॅस्टिकच्या मुठीचा, सगळ्यात स्वस्त.

"तो नका घेऊ," दुकानदाराने नाक मुरडलं. "सांधा ढिला आहे त्याचा. आठवड्यात परत आणाल आणि मलाच बोलाल."

तिने पात्यावरची बारीक गुंडी अंगठ्याने ढकलली. पातं सहज उघडलं आणि खट् करून बसलं. पात्याची पाठ काउंटरच्या कडेवर ठेवून तिने चांगला भार टाकला, तरी ते मिटलं नाही. मग मुठीवरचा खटका दाबून पात्याची पाठ मांडीला टेकवून ढकलली, तर मुकाट्याने आत गेलं.

"ढिलाच हवाय," ती म्हणाली. "हाच द्या."

घरी नवऱ्याने चाकू खिडकीच्या उजेडात धरला. आयुष्य कापड आणि चामडं कापण्यात गेलेलं, त्यामुळे त्याच्या कपाळाला लगेच आठ्या पडल्या.

"याला चाकू म्हणायचं? पातं हलतंय. धार चार दिवस टिकायची नाही."

"तुम्हाला कुठे सोफे कापायचेत? पिशवी फोडायची आहे. बघा तरी उघडून."

ती आत गेली आणि चहाचं आधण ठेवलं. पाय भरून आले होते. ओट्याला टेकून ती नुसती उभी राहिली. बाहेरून खट् ऐकू आलं. थोड्या वेळाने मिटल्याचा बारीक आवाज. पुन्हा खट्, पुन्हा मिटल्याचा आवाज. तिच्या छातीवरचं ओझं उतरलं. जमलं म्हणायचं.

चहा घेऊन ती बाहेर आली, तेव्हा चाकू त्याच्या हातात उघडाच होता.

"उघडतोय, पण मिटत नाही," तो म्हणाला. "परत देऊन ये. सोमवारी कसं काय करायचं, बघू मग."

तिच्या मनात पाल चुकचुकली. तिने कप खाली ठेवला आणि त्याच्या समोर बसली. तो चाकूकडे बघत होता, तिच्याकडे नाही.

"मी आत होते तेव्हा दोनदा मिटवलात तुम्ही," ती म्हणाली. "ऐकलं मी."

लुळा हात त्याने दुसऱ्या हाताने उचलून मांडीवर नीट ठेवला, त्यासाठी चाकू आधी बाजूला ठेवावा लागला.

"पुन्हा तसं झालं तर?" शेवटी तो म्हणाला. "तेव्हा तू होतीस. नुसता आवाज निघत होता तोंडातून, तरी धावत आलीस. आता मी अगं म्हणायचं, ते कोणाला?"

तिला त्याची दया आली, आणि त्याच क्षणी रागही आला. थापा मारून तो तिला घरात अडकवून ठेवणार होता. शेजारीण दुपारी डोकावेल, फोन गळ्यात अडकवून देते, असं बरंच काही तिने मनात जुळवून ठेवलं होतं, पण तोंडातून वेगळंच बाहेर पडलं.

"मला जायचंय हो. पगार हवाच आहे, पण तेवढ्यासाठी नाही. तिथे दिवसभर चादरींना इस्त्री करायची असते, आणि चादरी हाक मारत नाहीत. फार थकले मी."

असं ती कधी बोलली नव्हती. त्याने आत्ता कुठे तिच्याकडे पाहिलं. चहावर साय धरली.

मग त्याने चाकू उचलला, खटका दाबला, पातं मांडीला टेकवलं आणि तिच्यादेखत मिटवून खिशात टाकला.

"जा," तो म्हणाला.