रुसलेल्या गाई आणि घरजावई इंजिन

मी एक जुना पिकअप ट्रक बोलतोय. आवाज ऐकून तुमचा विश्वास बसणार नाही, कारण हा आवाज माझा नाही. दारं माझी, चाकांवरचा चिखल माझा, पत्र्यावरचे पोचे तर अगदी घामाच्या कमाईचे; पण बॉनेटखाली जे गुरगुरतंय ते परक्या घरचं आहे. ते माझ्या पोटात कसं आलं, ते सांगतो. मला घाई नाही. घाई त्याला असते.

कारखान्यातलं मला काही आठवत नाही. आपलं बारसं कुणाला आठवतं? मला आठवतो तो थेट एल्डन. एल्डनने मला घेतलं तेव्हा त्याच्या डोक्यावर केस होते आणि माझ्या अंगावर निळा रंग होता. दोन्ही गोष्टी पुढे बरोबरीनेच उडाल्या. त्याने मला नेब्रास्कातल्या ह्या वाळूच्या टेकड्यांत आणलं. इथे गवत आहे, गवतावर गाई आहेत आणि मधूनमधून एखादा माणूस आहे. समोरून गाडी आली की एल्डन स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायचा, समोरचाही एक बोट उचलायचा, आणि दोघांनाही वाटायचं की आज भरपूर गप्पा झाल्या.

माझं मूळचं इंजिन म्हणजे एका रांगेत बसलेली सहा जणांची पंगत. त्यातले पाच मनापासून काम करायचे आणि सहावा आपल्या मर्जीचा मालक. त्यामुळे आवाज असा यायचा: ढर्र-ढर्र-ढुक, ढर्र-ढर्र-ढुक, आणि उतारावर एल्डनने पाय काढला की मागून एक दणदणीत फट्ट! शेजारचा व्हर्न म्हणायचा, "एल्डन, लेका, तुझी गाडी येतेय की तोफखाना?"

पण हिवाळ्यात सकाळी पाठीवर गवताचे भारे घेऊन मी कुरणात शिरलो की टेकडीपलीकडच्या गाई माना वर करायच्या. ढर्र-ढर्र-ढुक ऐकलं की निघाल्याच रांगेने. व्हर्नची चकचकीत गाडी शेजारून गेली तर ढुंकूनही बघायच्या नाहीत. एल्डनने त्यांना कधी हाक मारली नाही, शीळ घातली नाही. तसा तो हाका मारणारा माणूसच नव्हे. बायको गेल्यावर तर तो जे काही बोलायचा ते माझ्याशी, आणि तेही बहुतेक गिअर बदलताना.

मग गेल्या पानगळीत एका गारठलेल्या सकाळी, घरापासून लांब, माझं इंजिन एकदा खोकलं आणि कायमचं गप्प झालं. एल्डनला दुखऱ्या गुडघ्याने घरापर्यंत चालत यावं लागलं. आल्या आल्या त्याने दोन निर्णय जाहीर केले. गुडघा बदलून घ्यायचा. आणि वसंतात सगळ्या गाई विकून टाकायच्या.

गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि गाईंचं ऐकून त्याची मुलगी ट्रूडी ओमाहा शहरातून आली. ती तिथे ट्रॅक्टर दुरुस्त करायची. तिच्या हाताला ग्रीसचा वास आणि जिभेला बापाची धार.

"गाई विकायच्या नाहीत," ती म्हणाली. "मी राहते इथे. एक हिवाळा मला द्या. एकटीने काढून दाखवते."

"आणि नाही जमलं तर?"

"तर वसंतात विका. मी तोंडातून चकार शब्द काढणार नाही."

"ते तर गाई विकण्याहून अवघड," एल्डन म्हणाला. पण कबूल झाला.

ट्रूडीने पहिल्याच दिवशी माझं बॉनेट उघडलं, डोकं आत घातलं आणि बराच वेळ नुसती मान हलवत राहिली. डॉक्टर अशी मान हलवायला लागला की पेशंटने समजून जावं.

"इंजिनच्या ठोकळ्याला तडा गेलाय, बाबा. नवीन बसवावं लागेल. आजकालचं, कंप्यूटरवालं."

"माझ्या गाडीत कंप्यूटर शिरला की मी उतरलो. तसलंच जुनं आण."

"तसलं आणलं तर पुन्हा थंडीत रानात झोपून जाईल. आणि तुमच्या गुडघ्यात स्टीलचा सांधा बसवला, तेव्हा नाही म्हणालात?"

"गुडघा मला प्रश्न विचारत नाही."

"मीही विचारत नाहीये. मी बसवतेय."

व्हर्न इंजिन उचलायचा साखळीचा घोडा घेऊन आला आणि त्याबरोबर न मागितलेले सल्लेही. माझं जुनं इंजिन साखळीला लोंबकळत बाहेर निघालं. खोटं कशाला बोलू, मला फार वाईट वाटलं. आयुष्यभराचा सोबती असा तेल ठिबकत शेडच्या कोपऱ्यात जाऊन पडला आणि माझ्या पोटात दिवसभर वारा घुमत राहिला.

दुसऱ्या दिवशी घरजावई आला. एका दाताच्या डॉक्टरची ऐसपैस गाडी हरणाला धडकून निकालात निघाली होती, तिचं हे इंजिन. आठ सिलिंडर, अंगाने धष्टपुष्ट, पण स्वतःची अक्कल शून्य. सगळी अक्कल एका चपट्या पत्र्याच्या डब्यात, आणि त्या डब्यातून निघालेल्या तारांचा गुंता एवढा की व्हर्न म्हणाला, "ट्रूडे, हे इंजिन आहे की उलगडलेला स्वेटर?" ट्रूडीने तो डबा ड्रायव्हरशेजारच्या सीटपुढे, पायांच्या जागेत बसवला. जुनी गिअरपेटी मात्र तीच ठेवली, तेवढीच मला माहेरची सोबत.

पहिल्यांदा चावी फिरवली तर घरजावई झकास सुरू झाला आणि लगेच बंद पडला. पुन्हा तेच. पुन्हा तेच. त्या डब्याचा समज झाला होता की आपल्याला चोरून आणलंय! जुन्या मालकाची चावी दिसल्याशिवाय तो इंजिनाला काम करू देईना. ट्रूडीने लॅपटॉप जोडून त्याची समजूत घातली. मग त्याच्या चौकशा सुरू झाल्या. मागचं उजवं दार लागलंय का? मला मागचं दारच नाही, बाबा. छतातली एअरबॅग कुठाय? माझ्या छतात एक पाकोळीचं घरटं होतं, तेही गेल्या वर्षी पडलं. प्रत्येक चौकशीसरशी तो एक पिवळा दिवा लावायचा. ट्रूडीने एकेक करून त्याला सगळं विसरायला लावलं. सासरी नांदायचं तर माहेरचं थोडं विसरावंच लागतं.

अखेर इंजिन चाललं. किती गुळगुळीत, काय सांगू! ना ढर्र, ना ढुक. नुसतं मांजर झोपल्यासारखं हुंऽऽ. ट्रूडी खुशीत अंगणात मला गोल गोल फिरवत होती. एल्डन ओसरीवर कॉफी पीत होता. त्याने खुर्ची उचलली, आमच्याकडे पाठ करून मांडली आणि पुन्हा कॉफी प्यायला लागला.

तो माझ्यात बसला नाही. गावात जायचं तर व्हर्नच्या गाडीतून जायचा. माझ्या शेजारून जाताना काठी मुद्दाम जोरात टेकवायचा. हे एकवेळ मी सोसलं असतं. पण गाईही फिरल्या.

पहिल्या सकाळी आम्ही कुरणात गेलो. पाठीवर ताजं गवत, ट्रूडी उत्साहात. गाईंनी आमच्याकडे पाहिलं आणि पुन्हा रवंथ सुरू केलं. ट्रूडीने हॉर्न वाजवला, तर त्या उलट्या पळाल्या. कारण हॉर्न म्हणजे रस्त्यातून बाजूला व्हा, एवढंच त्यांना ठाऊक. शेवटी ट्रूडी गवत टेकडीवर वाहून नेऊन त्यांच्यापुढे टाकायला लागली. मला गाई ओळख देईनात! ज्यांच्या आज्यांना मी वाढलं, त्या पोरीबाळी मला व्हर्नची गाडी समजत होत्या. एल्डन खिडकीतून दुर्बीण लावून ही गंमत बघायचा.

"गाईंना अक्कल आहे," तो जेवताना म्हणाला असणार. ट्रूडी दुसऱ्या दिवशी ते पुटपुटत माझं दार आपटत होती.

रडतखडत हिवाळा सरला. गाई विण्याचे दिवस आले, थोडी वासरंही झाली आणि ट्रूडी हसायला लागली. तेवढ्यात मार्चमधल्या एका सकाळी वायव्येकडचं आभाळ पाटीसारखं काळं झालं. रेडिओ सांगत होता, दुपारपर्यंत हिमवादळ येणार. कळप लांबच्या उघड्या कुरणात होता. तो घराजवळच्या सीडरच्या झाडांच्या आडोशाला आणायलाच हवा होता, नाहीतर वासरं वाचणार नव्हती.

घरजावई एका फिरकीत सुरू झाला. हे श्रेय मी त्याला दिलंच पाहिजे; असल्या गारठ्यात माझं जुनं इंजिन मेलं तरी उठलं नसतं. आम्ही कुरणात गेलो. बर्फ आडवा यायला लागला होता. ट्रूडीने हाका मारल्या, टाळ्या वाजवल्या, मागून धावून हाकललं. चार गाई पुढे गेल्या की सहा मागे फिरायच्या. गोठलेल्या गालांनी ती पुन्हा माझ्यात येऊन बसली आणि गाडी घराकडे वळवली.

एल्डन ओसरीतच उभा होता.

"येत नाहीत, बाबा. मी एकटीने काढते म्हणाले होते, नाही जमलं. वसंतात विका, मी काही बोलणार नाही. पण आज त्यांना खाली आणा. मरतील त्या."

एल्डनने एकदा आभाळाकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. टोपी घट्ट केली आणि माझ्याकडे चालत आला. नव्या गुडघ्याला क्लच झेपणार नव्हता, म्हणून तो शेजारच्या सीटवर चढला. माझ्यात त्या बाजूला तो जन्मात पहिल्यांदाच बसत होता. हात कुठे ठेवावेत ते त्याला कळेना.

"ही खिडकी उघडते कशी?"

"उलटं फिरवा हँडल."

"कुणी बसवलंय उलटं?"

"गाडी तुमची आहे, बाबा!"

कुरणात पोचेपर्यंत समोरचं काही दिसेना. कुठेतरी गाई हंबरत होत्या. एल्डनने डोकं खिडकीबाहेर काढलं, मोठा श्वास घेतला आणि तोंडाने सुरू केलं:

"ढर्र-ढर्र-ढुक! ढर्र-ढर्र-ढुक!"

ट्रूडीने त्याच्याकडे असं पाहिलं, जणू म्हाताऱ्याच्या डोक्यात बर्फ शिरला असावा. पण तो थांबेना. ओठ थरथरवत, गाल फुगवत, सहाव्या सिलिंडरचा आळस सुद्धा न विसरता त्याने माझं अख्खं इंजिन जसंच्या तसं वाजवलं. आणि मधेच दोन्ही तळवे दाराच्या पत्र्यावर आपटून, "फट्ट!"

मीच फसलो, तिथे गाईंचं काय! मला वाटलं, माझा सोबती शेडमधून उठून आला. एवढी वर्षं मला वाटायचं की हा माणूस आपल्या आवाजाकडे लक्षच देत नाही. त्याला तर तो पाठ होता.

बर्फातून आधी एक पांढरं तोंड दिसलं, फाटक्या कानाची म्हातारी गाय. मग तिच्यामागून दुसरी, तिसरी, त्यांच्या पायांत वासरं.

"आल्या! बाबा, आल्या! थांबू नका!"

"गाडी नीट चालव. चढ आहे. चढावर आवाज बदलतो," असं म्हणून त्याने चढाचा आवाज काढला.

वाटेत नुकतंच जन्मलेलं एक वासरू पडलेलं दिसलं. ट्रूडीने ते उचलून बापाच्या पायांशी ठेवलं. ऊब मिळताच त्याने कंप्यूटरच्या डब्यावर मनसोक्त मुतून घेतलं. पिवळा दिवा लागला, तो अजून गेलेला नाही.

सगळा कळप सीडरच्या आडोशाला लागला तेव्हा एल्डनच्या घशातून नुसती हवा येत होती. ट्रूडी एकाच वेळी हसत होती आणि डोळे पुसत होती.

"बाबा, वसंतात विकायचं ते..."

एल्डनने घशाकडे बोट दाखवलं. बोलवत नाही, म्हणून. वसंत आला, गेला. घसा केव्हाच बरा झाला, पण त्या विषयावर त्याला अजून बोलवत नाही.

आता रोज सकाळी आम्ही चौघं जातो. ट्रूडी चालवते, घरजावई ओढतो आणि एल्डन खिडकीतून डोकं काढून इंजिन होतो. व्हर्न पोट धरून हसतो. एल्डन ओसरीवर साधा खोकला तरी वासरं धावत कुंपणाशी येतात. घरजावयाशी माझं बरं जमलंय. शहाणं पोर आहे, फक्त विचारतं फार.

एक गोष्ट मात्र मी कुणाला सांगितलेली नाही. ट्रूडी एकटी असली, की काचा वर करून तीही ओठ थरथरवून बघते. ढर्र-ढर्र-ढुक. अजिबात जमत नाही. शेळीला उचकी लागल्यासारखं वाटतं. ती स्वतःशीच हसते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. ती का शिकतेय ते मला ठाऊक आहे, तिलाही ठाऊक आहे. माझा आवाज आता माझा नाही, नाहीतर तिला एवढंच सांगितलं असतं: सावकाश शीक, पोरी. चुकत चुकत शीक. अजिबात घाई करू नकोस.