कबुली

"काय खोटं बोललीस ते सांग, म्हणजे सूज उतरेल," मार्तंड दातओठ खात म्हणाला. त्याच्या नऊ वर्षांच्या लेकीचे, चारुशीलेचे, ओठ पुरीसारखे फुगले होते, एक डोळा मिटला होता. शेवटी ती रडत म्हणाली, "गूळ मी खाल्ला." गूळ डब्यात जसाच्या तसा होता. तरी तुळजापूरच्या कचेरीत कारकुनी करणाऱ्या या शहाण्याने तिला देवीपुढे नाक घासायला लावलं.

त्याला कारण त्याचे वडील. निजामाचं राज्य गेलं त्या साली विहिरीच्या वाट्यावरून तंटा झाला, दत्तोपंतांनी चार माणसांत बेलभंडार उचलून शपथ घेतली आणि दुसऱ्याच दिवशी त्यांचं तोंड सुजलं. खोट्या शपथेला देवी सोडत नाही, हे गावाला पाठच. विहीर गेली, अब्रू गेली, आणि पुढे तशाच एका सुजेत गळा आवळून दत्तोपंतही गेले. बापाचं नाव सांगताना मार्तंडची मान आपोआप खाली जाई.

पोरीची सूज गळ्याकडे सरकली तेव्हा मात्र त्याचं धाबं दणाणलं. त्याने सोलापूरची एसटी गाठली. तिथल्या डॉक्टरांनी तिला ठेवून घेतलं. हा आजार रक्तातून, पिढ्यानपिढ्या येतो, म्हणाले. काळजीने, मार लागून, दात काढूनही उठतो. गळा जड वाटला की घरी बसायचं नाही, तडक दवाखाना. मार्तंडला अधूनमधून येणारा पोटातला मुरडाही त्यातलाच असणार. मग त्यांनी विचारलं, घरात आधी कुणाला असं व्हायचं?

"आमच्या नानांना, माझ्या वडिलांना," मार्तंड कसाबसा म्हणाला. लाजेची त्याला सवय होती, पण ही लाज बापाची नव्हती, त्याची स्वतःची होती.

घरी आल्याआल्या शेजारच्या प्रेमाबाईंनी ओट्यावरूनच विचारलं, पोरीनं काय कबूल केलं? आजार म्हणावं तर उद्या स्थळ यायचं नाही. गप्प बसावं तर पोर जन्माची खोटारडी. मार्तंड त्यांच्याकडे वळून म्हणाला,

"तिनं काही केलेलं नाही. आजार आहे आमच्या घराण्यात. नानांनाही तोच होता."

आत तांदूळ निवडणाऱ्या त्याच्या आईचा, अनसूयाबाईंचा, हात थांबला.

"म्हणजे देवीचा कोप नव्हता तो?"

"नाही, आई."

त्यांनी सूप बाजूला सारलं.

"श्वास कोंडला होता त्यांचा," त्या म्हणाल्या. "बोलता येत नव्हतं. मी उशाशी बसून म्हणत होते, आता तरी कबूल करा. ते नुसती मान हलवायचे. नाही, नाही. आणि मी म्हणतच राहिले."

मार्तंडने चारुशीलेला जवळ ओढलं. तिच्या तोंडाकडे बघायचं मात्र त्याचं धाडस झालं नाही.