पाणी नितळ येईपर्यंत

ब्रश धुवायचा तो पाणी नितळ येईपर्यंत, हा नियम घालून दिला अपेक्षाने आणि तो पाळायची पाळी आली तिच्या आईवर. माणिकबाईंनी उभ्या जन्मात तोंडाला पावडरीपलीकडे काही लावलं नव्हतं. आता मात्र मार्गशीर्षातली कडकडीत थंडी, अमरावतीच्या नळाचं बर्फासारखं पाणी आणि मोरीच्या कट्ट्यावर ओळीने मांडलेले मेकअपचे ब्रश, असं रोज सकाळी त्यांच्या नशिबी आलं होतं. वातीसाठी कापूस वळावा, तुळशीला पाणी घालावं, देवीपुढे कमळ काढावं, हे सगळं राहिलं बाजूला. बाई शाम्पूचा थेंब तळहातावर घेऊन ब्रश गोल गोल फिरवत बसलेल्या.

कारणही तसंच होतं. अकोल्याच्या विपुलशी अपेक्षाचं ठरलं होतं, आणि साक्षगंधाचा, म्हणजे साखरपुड्याचा, मुहूर्त निघाला होता मार्गशीर्षातल्या शेवटच्या गुरुवारच्या दुसऱ्याच दिवशी. पोरीने पार्लरचा कोर्स अर्ध्यावर सोडलेला. तरी तिचं म्हणणं, मेकअप मी माझा मीच करीन, त्या पार्लरवालीले काहून द्यायचे एवढे पैसे. रोज सराव करायचा तर ब्रश हवेत, आणि महागाचे परवडत नाहीत, म्हणून माय-लेकी पहिल्या गुरुवारच्या आधी जवाहर गेटच्या आतल्या बोळात नसीमबानोच्या दुकानी गेल्या.

नसीमबानोने काउंटरवर ढीगच ओतला. "भाभी, महाग म्हणजे चांगला असं नाई," ती म्हणाली. "मनगटाच्या आतून फिरवून पाहा. टोचला तर ठेवून द्या. मंग केस चिमटीत धरून वढा. एखाददुसरा सुटतेच पयल्यांदा. झुपकाच हातात आला तर मात्र घेऊ नोका. आन ही पत्र्याची नळी हालते का पाहा. हालली तर आतलं गोंद गेलं समजा."

माणिकबाईंनी एकेक ब्रश मनगटावर फिरवला, ओढला, हलवला, उजेडात धरला.

"आई, लाटणं घेऊन राहिली का तू?" अपेक्षा म्हणाली. "दुकान बंद व्हायची वेळ झाली नं वं."

"घेऊ दे तिले," नसीमबानो हसली. "जावई पसंत करताना एवढं पाह्यलं होतं का, भाभी?"

तेवढ्यात माणिकबाईंच्या हाताला तो लागला. मध्यम, गोल, तांबूस दांड्याचा. केस इतके मऊ की मनगटावर काही फिरतंय हे पाहिल्याखेरीज कळू नये. ओढला तर एक केस सुटला नाही. तो त्यांनी इतरांबरोबर घेतला आणि बोळातून बाहेर पडताना त्यांना उगाच बरं वाटलं, चांगल्या गोष्टीची सुरुवात झाली की वाटतं तसं.

माणिकबाईंच्या घरी एक रीत होती, त्यांच्या आईपासून आलेली. कोणतीही कोरी वस्तू आधी देवाला. नवं पातेलं आधी नैवेद्याला, नवी साडी आधी घडीच्या घडी देव्हाऱ्यापुढे. त्यामुळे पहिल्या गुरुवारी पहाटे कलश मांडताना, नारळाला बांधायचा देवीचा पितळी मुखवटा त्यांनी पेटीतून काढला, नाकाच्या वळणात आणि कानाच्या खाचेत गेल्या वर्षीची हळद अडकलेली पाहिली, तेव्हा हात आपोआप त्या तांबूस दांड्याच्या ब्रशाकडे गेला. मऊ केसांनी त्यांनी देवीचं कपाळ, गाल, हनुवटी अलगद झाडली. झाडता झाडता, दरवर्षी म्हणायच्या तेच म्हणाल्या, फक्त या वर्षी जरा मनापासून: "आई, पोरगी तुझ्या पदरात टाकली. आता तूच पाहा तिचं."

मग ब्रश पदराला पुसून अपेक्षाच्या डब्यात ठेवून दिला.

कटकट सुरू झाली ती त्यानंतर. बाकीचे ब्रश दोनदा घासले की पाणी स्वच्छ. हा एकच, घासावा तेवढा रंग सोडायचा. तळहातावरून गव्हाळ, किंचित गुलाबी ओघळ मोरीत जायचा, थांबायचा नाही. कोमट पाणी करून झालं, शाम्पू बदलून झाला, केस खाली धरून, दांडा कोरडा ठेवून, सगळं अपेक्षाने सांगितल्याबरहुकूम झालं. टॉवेलात दाबून कट्ट्याच्या काठावर आडवा वाळत ठेवला तरी सकाळी खालच्या फरशीवर डाग.

"काय लावतं वं तू याच्यानं?" माणिकबाई वैतागल्या. "माझा हात गारठून गेला."

"काहीच नाई. कोरडी पावडर, सफेद," अपेक्षा मोबाइलमधून मान वर न करता म्हणाली. "तुलेच धुता येत नसन."

माणिकबाई तशाच ओल्या पदराने नसीमबानोकडे गेल्या. तिने ब्रश घेतला, दुकानामागच्या नळाखाली धरला, बोटांनी पिळला. पाणी पडलं ते काचेसारखं. तिने पांढऱ्या फडक्यावर दाबून दाखवला, फडकं पांढरंच.

"साफ तर हाय, भाभी. बदलून देऊ का?"

बदलून घ्यायला हवा होता. पण देवीला लागलेली वस्तू परत कशी करायची, हा विचार आडवा आला, आणि माणिकबाई तो ब्रश पिशवीत घालून घरी आल्या. मोरीत नळ सोडला. पुन्हा तोच ओघळ. या वेळी मात्र, शेजारी चहाचा कप विसळायला आलेल्या अपेक्षाच्या कोपराकडे त्यांचं लक्ष गेलं, मग ओघळाकडे, मग परत कोपराकडे. रंग एकच होता. दुकानातल्या कुठल्याही बाटलीत इतका अचूक मिळाला नसता.

अपेक्षाच्या डाव्या जबड्यावर उडदाच्या दाण्याएवढा तीळ होता. विपुलची बहीण अकोल्याहून व्हिडिओ कॉलवर बोलायची आणि प्रत्येक वेळी फिरून तिळावर यायची. "तेवढा झाकला गेला ना, तर फोटो फार छान येतील," ती म्हणायची. कॉल बंद झाला की अपेक्षा आईपाशी फणकारायची, "माझा तीळ हाय, तिचं काय जाते?" उजव्या भुवईत एक बारीक खाच होती, लहानपणी परतवाड्याच्या स्टँडवर जीपमधून पडली तेव्हाची. आणि धुपाचं, उदबत्तीचं तर तिला वावडंच. पूजेला बसली की शिंकांवर शिंका. देवीची कहाणी सुरू झाली की ही नाकाला ओढणी लावून बाहेर.

दुसऱ्या गुरुवारनंतर एका सकाळी ती न्हाऊन केस पुसत आली आणि माणिकबाईंच्या हातातला पोळीचा उंडा तसाच राहिला.

"अपेक्षा, तीळ कुठी गेला?"

"झाकला गेला चांगला."

"आता न्हाऊन आली नं तू."

अपेक्षाने आरशात पाहिलं. बोट फिरवलं. "हो," ती शांतपणे म्हणाली. "बरं झालं."

तिने फणकारायला हवं होतं. माणिकबाई वाट पाहत राहिल्या, आणि तवा जळाला.

त्या दिवसापासून घरात भांडण उरलं नाही. पोरगी वेळेवर उठायला लागली, बापाला, देवरावांना, "चहा घेता का?" विचारायला लागली, विपुलच्या बहिणीशी अदबीने, स्वच्छ, पुस्तकातल्यासारखं बोलायला लागली. भुवई भरून आली. देवराव खूश. "तुह्या उपासाले फळ आलं, माणिक," ते म्हणाले. बायकोचा चेहरा पाहून त्यांनी पेपर खाली ठेवला. "आता काय? चांगलं झालेलं पाहावत नाई का तुले?"

काय सांगणार त्यांना? की आपली पोरगी शहाणी झाली म्हणून मला रडू येतं? माणिकबाईंनी स्वतःलाच समजावलं. देवी ऐकते आहे. ऐकते म्हणूनच हे होतं आहे. सासरी जाणाऱ्या पोरीला देवी सावरून घेते, यात भ्यायचं काय? त्यांनी ब्रश लपवून ठेवून पाहिला. तो डब्यात परत दिसला. टाकून द्यायला गेल्या, तर हात उचलवेना. देवीला लागलेलं कचऱ्यात कसं घालायचं. मग राहता राहिलं धुणं. चिडून, दात-ओठ खाऊन, तळहात लाल होईपर्यंत त्या धूत होत्या, जणू नितळ पाणी आलं की सगळं पहिल्यासारखं होणार होतं.

तिसऱ्या गुरुवारी कलश मांडताना मुखवट्याच्या डाव्या जबड्यावर त्यांना काळा ठिपका दिसला. धुराची काजळी असेल. पदराने पुसला. लिंबू चोळलं, चिंच चोळली. पितळ लखलखलं आणि ठिपका उडदाच्या दाण्यासारखा अधिकच उठून दिसला. उजव्या भुवईच्या कोरीव रेघेत, शेवटाकडे, एक बारीक खाच होती. ती पहिल्यापासूनच असेल. इतकी वर्षं हा मुखवटा हातात घेतला, असेलच. माणिकबाईंनी गजरा जरा खाली ओढून भुवई झाकली आणि कहाणी वाचायला घेतली. पण वाचताना एकदाही मान वर केली नाही.

शेवटच्या गुरुवारी उद्यापन झालं. सवाष्णी आल्या, हळदीकुंकू, फळं, दूध झालं. धुपाने खोली भरून गेली होती. अपेक्षा कलशाच्या अगदी जवळ, मांडी घालून, हात जोडून बसली होती. कहाणी संपेपर्यंत हलली नाही. शिंकली नाही.

"किती गुणाची पोर हाय वं तुमची," शेजारीण म्हणाली.

शुक्रवारी सकाळी साक्षगंधासाठी अकोल्याला न्यायची जीप दारात येऊन उभी राहिली. देवराव पेढ्यांचे पुडे मोजून मागे ठेवत होते. अपेक्षाचा मेकअप झाला होता, आणि तो इतका सुंदर झाला होता की मेकअप असा दिसतच नव्हता. कुठे डाग नाही, कुठे रेघ नाही. माणिकबाई ब्रश धुवायला मोरीत गेल्या. त्यांना माहीत होतं की आज वेळ नाही, तरी गेल्या. तांबूस दांड्याचा ब्रश तळहातावर फिरवला आणि वरून पाणी सोडलं.

पाणी नितळ आलं.

त्यांनी पुन्हा घासला, पिळला, काखेतल्या कोऱ्या टॉवेलवर दाबला. एक ठिपका नाही. इतक्या दिवसांची ही एकच मागणी होती त्यांची, आणि आता ती पुरी झाली होती. ब्रश रंग सोडायचा थांबला होता, कारण सोडायला काही उरलं नव्हतं. त्या तशाच देव्हाऱ्यापाशी धावल्या. ओला ब्रश मुखवट्याच्या गालावरून, जबड्यावरून, त्या काळ्या तिळावरून फिरवला, पुन्हा पुन्हा फिरवला, आणि वळून तोच ब्रश दारात उभ्या असलेल्या अपेक्षाच्या जबड्याला लावला. पाण्याचा एक थेंब तेवढा तिच्या गळ्याकडे ओघळला.

अपेक्षाने त्यांचं मनगट हळूच धरून खाली केलं. हात गार होता, पण थंडीच होती तशी.

"राहू द्या, आई. विसर्जन करून घ्या. गाडी थांबली आहे."

माणिकबाई कलशापुढे बसल्या. विसर्जन केल्याशिवाय घराबाहेर पाऊल टाकायचं नाही, हे त्यांनी कधी मोडलं नव्हतं. करायचं तरी काय असतं? अक्षता वाहायच्या आणि कलश उत्तरेकडे एवढासा हलवायचा. आलेली देवी निघून जाते. मागे उरतं ते नारळ, पाणी आणि पितळ.

त्यांनी मुठीत तांदूळ घेतले. मागे ती उभी होती, हात जोडून. बाहेर जीपचा हॉर्न वाजला. देवरावांचा आवाज आला, "माणिक, आटप वं."

"हलवा ना, आई," मागून गोड आवाज आला.

माणिकबाईंची मूठ कलशावर आली आणि तिथेच राहिली. उदबत्तीचा धूर वळसा घेऊन मुखवट्याच्या तोंडापाशी गेला, आणि त्या पितळी चेहऱ्यावरचं नाक किंचित आक्रसलं, शिंक यायच्या आधी आक्रसतं तसं.