बेसूर ठरवलेली पायपेटी

मित्रांनो, मी एक जुनी पायपेटी आहे. तुमच्या शाळेत प्रार्थनेला जी पेटी वाजते, तिची मी थोरली बहीण. माझा भाता पायांनी चालतो, त्यामुळे वाजवणाऱ्याचे दोन्ही हात मोकळे राहतात. माझी गोष्ट गोड नाही, हे आधीच सांगते. मी एका माणसावर अठरा वर्षे डूख धरून होते आणि यंदाच्या हिवाळ्यात मी त्याचा सूड घेतला.

मिरजेच्या एका कारागिराने मला सागवानात घडवले. सूर देणारी माझी पितळी पाती त्याने एकेक करून घासली आणि सुरात लावली. तिथून मी कोल्हापूरच्या एका नाट्यमंडळात आले. हातकणंगल्याचे आकाराम मास्तर मला वाजवत. संगीत नाटकात नांदीचा पहिला सूर माझा असे. गडहिंग्लजपासून जयसिंगपूरपर्यंत आम्ही प्रयोग केले. प्रयोग संपला की लोक मला बघायला यायचे, पोरे माझ्या भात्याच्या फळ्या पायाने दाबून पाहायची. तेव्हा मला फार मिरवावेसे वाटे.

मंडळाचा गाणारा नायक होता उदयसिंह. त्याचा आवाज चढा आणि तोरा त्याहून चढा. गाणाऱ्याने सा कुठे धरायचा त्या जागेला पट्टी म्हणतात. जितकी वरची पट्टी, तितका घसा ताणावा लागतो. उदयसिंहची पट्टी होती पांढरी चार, म्हणजे माझ्या चौथ्या पांढऱ्या घरावरचा सा, आणि ती तो मिशीसारखी पिळत असे. एका नाटकात तो राजपुत्र होता आणि त्या प्रयोगाला त्याला सर्दी झाली होती. मास्तर पडद्याआड हळूच म्हणाले, "उदयसिंहराव, आज पट्टी उतरवूया. घसा बसलाय तुमचा."

"उदयसिंह पांढरी चारच्या खाली गात न्हाय!"

व्हायचे तेच झाले. पदाच्या मध्यावर वरच्या सुराला त्याचा आवाज घसरला. तो थांबला, वळला आणि भरल्या नाट्यगृहात म्हणाला, "माफ करा मंडळी, पेटी बेसूर हाय. आणि वाजवणाराबी." मग त्याने मला लाथ मारली. लोक हसले.

मंडळाने मला मास्तरांच्या घरी आणून टाकले. त्यांचे नाव पडले 'बेसूर आकाराम'. घरी पेटी शिकायला येणारी मुले एकेक करून थांबली. भजनालाही त्यांना कुणी बोलावीना. त्यांनी माझे झाकण लावले ते लावलेच. माझ्यावर आधी गोधड्या आल्या, मग कांदा-लसूण चटणीच्या बरण्या. उंदरांनी भाता कुरतडला. मला मास्तरांचाही राग यायचा. एकदा तरी मला वाजवून, ही सुरात आहे, असे चार लोकांना दाखवायचे होते की!

यंदा मंडळाने तेच नाटक पुन्हा काढले. साठी उलटलेला उदयसिंहच पुन्हा राजपुत्र! 'अस्सल जुन्या वाद्यांसह' अशी जाहिरात लागली आणि मंडळाचे दोघे मला मागायला आले. मास्तर बाहेरच आले नाहीत. त्यांची थोरली बहीण तानाबाई हल्ली त्यांच्याकडे राहते. ती बोलू लागली की गल्ली ऐकते.

"पेटी न्हेताय तर न्ह्या," ती म्हणाली, "पण पुढच्या रांगेतल्या दोन खुर्च्या आमच्या."

मास्तरांनी आठ दिवस बसून मला दुरुस्त केले. भात्याला नवे कातडे लावले, पाती साफ केली. त्यांचा कान अजून शाबूत होता.

प्रयोगाच्या संध्याकाळी बहीण-भाऊ आले. तानाबाई नव्या इरकलीत, मास्तर कडक इस्त्रीच्या सदऱ्यात. "पावणं, पाय घ्या की जरा," म्हणत तिने वाट काढली आणि ऐन मध्यावर बैठक मारली. अठरा वर्षांनी मास्तर नाटकाला आले होते आणि मान वर करत नव्हते. माझ्यापाशी सम्राट नावाचा तरुण वादक होता. एरवी तो कीबोर्ड वाजवतो. तिथे एक बटण दाबले की पट्टी बदलते. माझ्यावर मात्र बोटेच बदलावी लागतात. कीबोर्ड आणायचा नाही, असे उदयसिंहनेच बजावले होते, म्हणून सम्राटने पांढरी चारची तेवढी बोटे घोटून आणली होती.

माझ्या मनात आले, ऐन वेळी एखादे पाते अडकवावे. पण मग त्याचाच आळ खरा ठरला असता. मी ठरवले, आज एकही सूर चुकायचा नाही.

दुसऱ्या अंकातले तेच पद आले. उदयसिंहने कसेबसे वरचे सूर गाठले. टाळ्या पडल्या आणि पुढच्या रांगेतून आरोळी आली, "वन्समोअर!"

तानाबाईच ती. नाट्यगृहाने आरोळी उचलून धरली. वन्समोअर मिळाला की पद पुन्हा गायचे ही रीत, आणि आपण तो कधी नाकारला नाही अशी उदयसिंहची बढाई. तो खुशीत पुन्हा गायला. संपताना त्याला दम लागला होता.

"वन्समोअर!"

"आक्का, बस की आता," मास्तर कुजबुजले.

"गप ऱ्हा. तिसऱ्यांदा फाटतंय बघ."

तिसऱ्यांदा वरच्या सुराला त्याचा आवाज फाटला. उदयसिंह माझ्याकडे वळला, बोट उगारले, "ही पेटी..."

तानाबाई उभी राहिली. "खबरदार पेटीचं नाव घेतलंस तर! दोन येळा हिच्यावरच गायलास, तवा सुरात हुती. आता फाटला त्यो तुझा घसा. आणि अठरा वर्सांमागंबी तुझाच फाटलावता!"

मागून कुणीतरी ओरडले, "पट्टी उतरवा की राव!" उदयसिंहने सम्राटला खूण केली. सम्राटने हात वर केले. "मला ह्याच पट्टीत येतंय, सर."

"वाजवणारा हितं बसलाय," तानाबाई म्हणाली आणि तिने भावाला उठवले. मास्तर पायऱ्या चढून आले आणि माझ्यापाशी बसले. पाय भात्यावर ठेवून त्यांनी विचारले, "किती उतरवू?"

"काळी दोन," उदयसिंह पुटपुटला. म्हणजे दोन घरे खाली.

"ऐकू आलं न्हाय."

"काळी दोन!" हे शब्द शेवटच्या रांगेपर्यंत गेले.

"वन्समोअर!" तानाबाई ओरडली. सगळे नाट्यगृह ओरडले. उदयसिंहने राजपुत्राचा मुकुट काढून हातात घेतला आणि पुन्हा म्हणाला, "काळी दोन. पट्टी उतर, आकाराम. माझा आवाज पोचत न्हाय."

ते वाक्य मी माझ्या प्रत्येक पात्यात साठवून ठेवले आहे. मग मास्तरांनी सूर दिला आणि तो चांगला गायला, हेही कबूल करते. कबूल करताना आनंद होत नाही.

आता रविवारी चार मुले मास्तरांकडे शिकायला येतात. गोष्टीच्या शेवटी क्षमा करावी, असे तुमच्या बाई सांगत असतील. मी केलेली नाही. मित्रांनो, तुमच्या घरी जुने वाद्य असेल तर त्यावर बरण्या ठेवू नका, त्याला ओल लागू देऊ नका, महिन्यातून एकदा तरी वाजवा. आणि आपली चूक त्याच्या माथी मारू नका. आम्हाला उलटून बोलता येत नाही. आम्ही सुरात राहतो आणि वाट बघतो.