शांताचं गवत

वटारच्या वाडीत दिनानाथच्या बायकोनं गवत लावलं, तेव्हा गाव हसलं. लोक वाडीतलं गवत उपटून फेकतात आणि ही त्याला शेणखत घालते!

शांताची दोन बाळं पाठोपाठ गेली होती. दुसरं गेल्यावर तिचं बोलणंच आटलं. आगाशीच्या एका बंगल्यात काम करणारी मार्था तिच्या ओळखीची. तिनं तिथल्या बागेतले दोन ठोंब तिला दिले, एक पांढऱ्या पट्ट्यांचा, दुसरा तांबूस तुऱ्यांचा. शांतानं ते विहिरीजवळ लावले. पाणी साचू नये म्हणून माती उंच केली. माघात तुरे वाळले की ती अख्खा ठोंब वीतभर ठेवून विळ्यानं छाटायची. तिसऱ्या वर्षी खणून मधला मेलेला भाग टाकून दिला आणि कडेचे फुटवे वेगळे लावले. पात्यांनी तिचे हात कापलेले असायचे. पण संध्याकाळी वारा आला की ती दिनानाथला म्हणायची, "बघा ना, कसं झुलतंय." दिवसभरात तेवढंच बोलायची. दिनानाथ त्या एका वाक्यासाठी शेतावरून लवकर घरी यायचा.

एकावन्न सालच्या चैत्रात तिला मुदतीचा ताप आला. महिनाभर ती नंदाखालला माहेरी होती. दिनानाथचा थोरला भाऊ जगन्नाथ त्याला म्हणाला, "दिना, ती त्या गवतात बाळं शोधते. तूच तिचं वेड पोसतोयस. मी उपटून केळी लावतो. तू फक्त आडवा येऊ नकोस."

दिनानाथ आडवा आला नाही. मनात म्हणाला, दादा म्हणतो तसंही असेल. कदाचित तिचं भलंच होईल. खोऱ्याचे घाव पडत होते, तेव्हा तो पडवीत बसून सुपारी कातरत होता.

वैशाखात शांता बैलगाडीतून परतली. वाळून काडी झाली होती. घरात न जाता ती थेट विहिरीकडे गेली. तिथं केळीचे मुनवे ओळीनं उभे होते.

"कुणी उपटलं?"

"दादानं."

"तुम्ही कुठं होतात?"

दिनानाथला खोटं बोलता आलं असतं. "इथंच," तो म्हणाला.

ती रडली नाही. पदर सावरून घरात गेली आणि चूल पेटवली.

दिनानाथनं खताचा खड्डा उकरला. ठोंब सापडले, पण मुळं काथ्यासारखी सुकली होती. दुसऱ्याच दिवशी तो आगाशीला मार्थाकडे गेला. ती म्हणाली, "आता लावू नका. जमिनीत ओल येऊ दे, मग न्या. आणि भाऊ, हे शांतानं मागितलंय का?"

ज्येष्ठ संपता संपता त्यानं फुटवे आणले. जगन्नाथशी भांडून केळीची ओळ काढली. माती उंच केली. शांता करायची तसं सगळं आठवून आठवून केलं. हात कापले, ते त्याला बरंच वाटलं. शांता विहिरीवर यायची, पाणी शेंदायची आणि जायची. त्या बाजूला तिची मान एकदाही वळली नाही.

आश्विनात तुरे आले. संध्याकाळच्या उन्हात सगळी ओळ तांबूस दिसू लागली. दिनानाथला राहवलं नाही. त्यानं तिला हाक मारून बाहेर बोलावलं. ती तांदूळ निवडायचं सूप हातात घेऊनच आली, उंबऱ्याशी थांबली आणि थोडा वेळ बघत राहिली. त्याला वाटलं, आता ती म्हणेल, बघा ना.

"छान आलंय तुमचं गवत," शांता म्हणाली. परक्याच्या वाडीचं कौतुक करावं, तसं म्हणाली.

मग उजेड आहे तोवर तांदूळ निवडून व्हायला हवेत म्हणून ती आत गेली. दिनानाथ तिथंच उभा राहिला. त्यानं आवाज दिला असता तर ती वळली असती, पण आवाज देऊन काय सांगायचं ते त्याला सुचेना.